हायवेला गार, टोलनाक्यावर गरम: जुन्या गाडीचा एसी तपासताना

प्रश्न थोडक्यात असा. गाडी २००९ची पेट्रोल हॅचबॅक, एसी साधा, हाताने फिरवायच्या नॉबचा. निपाणीहून कोल्हापूरला जाताना ऐंशीच्या वेगात हवा चांगली गार येते, पण कोगनोळीच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलं की कोमट होते. बेळगावकडे जाताना तवंदी घाटात वेग उतरला की तेच. मागच्या एप्रिलमध्ये गॅस भरला होता, यंदा थंडावा पुन्हा कमी झाला आहे. गॅरेजवाले म्हणतात, कंप्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) गेला. बदलायचा का?

इतक्यात नको. तुमच्या सांगण्यात दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत. गाडी थांबली की गरम हवा येते हा एक, आणि वर्षभरात गॅस उतरतो हा दुसरा. दोन्हींचं कारण एकच असेल असं नाही. आणि दोन्हींपैकी कुठलाही दोष कंप्रेसरचाच आहे असं गॅसच्या दाबाचं मीटर न लावता सांगता येत नाही.

सुरुवात फुकटातल्या चाचणीपासून करा. दुपारी गाडी मोकळ्या जागी उभी करा. एसी पूर्ण थंडावर, हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण चालू, ब्लोअर दोनवर, काचा बंद. मधल्या जाळीत साधा डिजिटल थर्मामीटर खोचून ठेवा. दहा मिनिटं आयडलला चालू द्या आणि आकडा लिहून घ्या. मग गाडी जागेवरच ठेवून रेस देऊन इंजिन दोन हजार फेऱ्यांवर तीन-चार मिनिटं धरा आणि पुन्हा आकडा बघा.

इथेच निम्मा निकाल लागतो. रेस दिल्यावर कंप्रेसर जोरात फिरतो, पण कंडेन्सरवरची (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) हवा वाढत नाही, कारण तुमच्या गाडीचा फॅन विजेवर चालतो आणि त्याला इंजिनाच्या वेगाशी देणंघेणं नाही. त्यामुळे उभ्या गाडीत रेस देऊन हवा गार झाली तर संशय अशक्त कंप्रेसरवर किंवा कमी गॅसवर. रेस देऊनही फरक पडला नाही, उलट हवा आणखी कोमट झाली, तर कंडेन्सर उष्णता बाहेर टाकू शकत नाही हे नक्की समजा. हायवेला समोरून वारा मिळतो म्हणून तिथे भागून जातं, इतकंच. जुन्या सुमो-बोलेरोसारख्या गाड्यांत फॅन इंजिनाच्या बेल्टवर असतो. तिथे रेस दिल्यावर फॅनही जोरात फिरतो आणि ही चाचणी फसवते.

दुसरी चाचणी पाण्याची. एसी चालू, गाडी आयडलला, हवा कोमट येत असताना बॉनेट उघडून पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर साध्या पाण्याचा फवारा मारा. झाडांना पाणी घालायची झारी किंवा फवारणीची बाटली चालते. फॅनच्या पात्यांपासून हात लांब ठेवा. एक-दोन मिनिटांत जाळीतली हवा चार-पाच अंशांनी उतरली, तर कंप्रेसर आणि गॅस दोघेही काम करताहेत. दोष कंडेन्सरच्या हवेत आहे, आणि तो कंप्रेसरच्या तुलनेत फार स्वस्तात सुटतो.

आता फॅन. एसी लावल्यावर बहुतेक लहान गाड्यांत कंडेन्सर फॅन लगेच फिरू लागतो; काहींत दाब ठरावीक पातळीला गेल्यावर. "फॅन फिरतोय की" म्हणून पुढे जाण्यात सगळे फसतात. पंधरा वर्षांच्या मोटरचे ब्रश झिजलेले असतात, फॅन फिरतो पण ओढत नाही. कंडेन्सरच्या पुढे वहीचा कागद धरा. फॅन मागून ओढणारा असेल तर कागद कंडेन्सरला चिकटून राहिला पाहिजे. फडफडून खाली पडला तर ओढ कमी. कागद उलट पुढे ढकलला गेला, तर कुणीतरी मोटर बदलताना वायर उलटी जोडली आहे. असा उलटा फॅन हायवेला समोरच्या वाऱ्याशी भांडत असतो, आणि हे वाटतं त्यापेक्षा जास्त गाड्यांत सापडतं.

ओढ कमी असेल तर फॅन चालू असताना मोटरच्या सॉकेटवर व्होल्ट मोजा. इंजिन चालू असताना १३च्या आसपास हवेत. अकरा किंवा कमी आले तर मोटरला दोष देऊ नका; रिले, अर्थची वायर, काळवंडलेला सॉकेट बघा. काही गाड्यांत फॅनचा पहिला वेग रेझिस्टरमधून जातो, तिथे कमी व्होल्ट येणारच. म्हणून दुसऱ्या वेगावर मोजा. पूर्ण व्होल्ट येऊनही फॅन रेंगाळत असेल तर मोटर गेली. ब्रश बदलून मिळत असतील तर तसं करा, पण बेअरिंगही वाजत असेल तर पूर्ण मोटर घ्या.

कंडेन्सर पुढून स्वच्छ दिसतो, यावर विश्वास ठेवू नका. मळ साचतो तो कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत. खानापूर-जांबोटी रस्त्याची तांबडी धूळ, हंगामात ट्रॉल्यांमागे उडणारा उसाचा पाला, हायवेचे किडे, पावसातला चिखल, हे सगळं तिथे जाऊन नमद्यासारखं घट्ट बसतं. बंपर आणि वरची पट्टी काढून, दोन्हींत फट करून, इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला साध्या नळाच्या पाण्याने धुवा. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला तर पाती आडवी होतात आणि मग हवा कायमचीच अडते. आडवी झालेली पाती बारीक कंगव्याने किंवा पातळ पट्टीने सरळ करता येतात. वेळखाऊ काम आहे, पण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग आडवा असेल तर ते केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी जवळजवळ कुणीच बघत नाही. कंपनीतून गाडी येते तेव्हा कंडेन्सरच्या चारी कडांना फोमच्या पट्ट्या आणि प्लास्टिकचे पडदे असतात. पुढून कधी धडक बसून बंपरचं काम झालं असेल तर ते परत बसवलेले नसतात. मग उभ्या गाडीत इंजिनाकडची तापलेली हवा कडेने वळून पुन्हा कंडेन्सरच्या तोंडाशी येते आणि फॅन तीच गरम हवा ओढत राहतो. तुमच्या लक्षणांशी हे अगदी जुळतं. फटी फोमने बंद करा, खर्च नाममात्र.

एवढं करून टोलनाक्यावरचा त्रास गेला तर उरतो गॅस. गेला नाही तर मीटर लावा. मीटर म्हणजे निळा आणि लाल असे दोन होज असलेला गेज सेट. निळा कमी दाबाचा, लाल जास्त दाबाचा.

इंजिन बंद असताना मीटरवर दिसणारा आकडा गॅस किती आहे ते सांगत नाही. "ऐंशी दाखवतंय, गॅस फुल आहे" हे वाक्य चुकीचं आहे. सिस्टिममध्ये थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तरी बंद गाडीत दाब फक्त तापमानावर ठरतो. आर-१३४ए (तुमच्या गाडीच्या एसीतला गॅस) साठी २० अंशाला ६८ पीएसआय (दाबाचं एकक), २५ला ८२, ३०ला ९७, ३५ला ११४. शंभर ग्रॅम असो की पाचशे, आकडा तोच. पण या आकड्यांचा दुसरा उपयोग मोठा आहे. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी ऊन लागण्याआधी मीटर लावा आणि बाहेरचं तापमान बघा. २५ अंशाला मीटर ८२ऐवजी शंभर किंवा त्याहून वर दाखवत असेल, तर आत हवा किंवा भलताच गॅस मिसळलेला आहे. घरगुती एसीचा आर-२२ त्याच तापमानाला १३७च्या आसपास दाखवतो. स्वस्तात भरून दिलेल्या गॅसचं रहस्य इथे उघडं पडतं. भेसळ निघाली तर वरून भरण्यात अर्थ नाही. मशिनने सगळा काढून नव्याने भरणं हाच उपाय. उलट आकडा तक्त्यापेक्षा बराच कमी आला, तर द्रव उरलेलाच नाही, सिस्टिम जवळपास रिकामी आहे.

मग इंजिन चालू करून, दीड हजार फेऱ्यांवर, बाहेर ३५ अंश असताना निळा ३० ते ४० आणि लाल २०० ते २३० पीएसआय यायला हवा. लालवरच्या दाबातून कंडेन्सरमधलं तापमान कळतं: २०० म्हणजे साधारण ५५ अंश, तीनशे म्हणजे सत्तरच्या पुढे. अथणी-रायबागकडे एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो तेव्हा लाल काटा थोडा वर असणारच. बेळगावातल्या सकाळी तोच काटा दीडशेवर असला तरी काळजी नको.

तुमच्या गाडीत थांबल्यावर लाल २८०-३००च्या वर चढत असेल आणि निळाही सोबत वर येत असेल, तर वर लिहिलेलं कंडेन्सरचं काम राहिलं आहे, किंवा गॅस जास्त झाला आहे, किंवा हवा मिसळली आहे. दाब असाच वाढत जाऊन साडेचारशेच्या आसपास पोचला की प्रेशर स्विच कंप्रेसर बंद करतो, आणि ग्राहकाला वाटतं कंप्रेसरच बसला. दोन्ही काटे खाली, म्हणजे निळा १५ आणि लाल १२०, तर गॅस कमी. निळा वर ६०ला आणि लाल खाली १३०ला अडकला, रेस देऊनही दोन्हींतलं अंतर वाढत नाही, तेव्हा कंप्रेसर आतून दाब गाळतो आहे. व्हॉल्व्हच्या पट्ट्या किंवा पिस्टन झिजलेत. अशा कंप्रेसरमध्ये एसी बंद केल्यावर दोन्ही काटे काही सेकंदांतच एकमेकांना येऊन भेटतात. मात्र एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये किती गॅस सोडायचा ते ठरवणारा) उघडा अडकला तरी निळा वर राहतो, म्हणून कंप्रेसरवर फुली मारण्याआधी तो बघा.

निळा शून्याकडे किंवा व्हॅक्यूममध्ये जातो आणि लाल साधारण, तर मधे कुठेतरी अडथळा आहे. सुरुवातीला वीस मिनिटं गार, मग गरम, दहा मिनिटं एसी बंद ठेवला की पुन्हा गार, असं होत असेल तर सिस्टिममध्ये ओलावा आहे. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात त्याचा बर्फ होतो आणि वाट बंद होते. ड्रायरच्या (गॅसमधला ओलावा शोषणाऱ्या) बाटलीच्या पुढच्या नळीवर दव किंवा बर्फ दिसला तर ड्रायरच चोंदला आहे. दोन्हींत उपाय ड्रायर बदलून नीट व्हॅक्यूम करणं हाच.

"गरम झाल्यावर कंप्रेसर बंद पडतो" या तक्रारीचं एक अगदी स्वस्त कारण सांगायला हवं. कंप्रेसरच्या तोंडाशी असलेल्या मॅग्नेटिक क्लचची प्लेट आणि पुली यांच्यात ०.३ ते ०.६ मिलिमीटर फट असते. वर्षानुवर्षं झिजून ती एक मिलिमीटरच्या घरात जाते. थंड असताना क्लचची कॉइल प्लेट ओढून घेते. तापली की कॉइलचा रोध वाढतो, ओढ कमी होते आणि प्लेट सुटते. इंजिन बंद करून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट मोजा. जास्त असेल तर पुढचा नट काढून आतला पातळ वॉशर, म्हणजे शिम, एक कमी करा. कॉइलचा रोध ३ ते ५ ओहमच्या दरम्यान हवा. प्लेट सुटलेली असताना कॉइलच्या वायरवर १२-१३ व्होल्ट येत असतील तर दोष क्लचचा. व्होल्टच येत नसतील तर प्रेशर स्विच, थर्मोस्टॅट, रिले, किंवा इंजिन तापल्यामुळे कंट्रोल युनिटने स्वतःहून एसी तोडला आहे का ते शोधा. रिले तपासायला त्याच आकाराच्या हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून बघणं पुरतं.

आता दुसरा दोष, गॅस जाण्याचा. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांत तो फिरत राहतो, कमी झाला म्हणजे गळला. जुन्या गाडीत दोन-चार वर्षांत थोडा उतरणं समजू शकतं, रबरी होज आणि कंप्रेसरचं सील अगदी बारीक गळतच असतात. पण एका वर्षात थंडावा जाणं म्हणजे शोधण्यासारखी गळती आहे. ती न शोधता दर एप्रिलला भरत राहिलात तर गॅसबरोबर तेलही निघून जातं, आणि मग कंप्रेसर खरोखर जातो.

आपल्याकडे गळती शोधायला धूळच मदत करते. गॅस जिथून सुटतो तिथून तेलाचा अंशही बाहेर येतो, आणि त्यावर तांबडी धूळ चिकटून ओलसर काळपट डाग पडतो. बाकी नळ्या कोरड्या पण एकाच जोडाभोवती चिकट मळ, तर बोट तिथेच ठेवा. या वयाच्या गाडीत ठरलेल्या जागा अशा: गॅस भरायच्या तोंडातली व्हॉल्व्हची पिन आणि तिच्यावरचं टोपण (ते नुसतं झाकण नव्हे, त्यातलं रबर हेच दुसरं सील आहे, आणि ते निम्म्या गाड्यांत हरवलेलं असतं), नळ्यांच्या जोडातल्या ओ-रिंगा, कंडेन्सरचे खालचे कोपरे, जिथे दगड लागतात, अ‍ॅल्युमिनियमची नळी क्लॅम्पला घासते ती जागा, होजची क्रिंप केलेली (धातूचं टोपण दाबून बसवलेली) टोकं, आणि कंप्रेसरच्या शाफ्टचं सील. सील गळत असेल तर क्लचभोवती आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला तेलाचा गोल फवारा उठलेला दिसतो.

या सीलबद्दल आपल्या भागात एक खास अडचण आहे. बेळगावची हवा सौम्य, त्यामुळे जूनपासून फेब्रुवारीपर्यंत कित्येक जण एसीला हातच लावत नाहीत. कंप्रेसर फिरला नाही की तेल फिरत नाही, शाफ्टचं सील कोरडं पडतं आणि मार्चमध्ये पहिल्यांदा लावल्यावर गळायला लागतं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा. पावसाळ्यात काचेवरची वाफ घालवायला तसाही तो लागतोच.

डागांवरून सापडलं नाही तर नायट्रोजन. उरलेला गॅस मशिनने काढून घ्या, हवेत सोडू नका. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गाडीखालच्या खड्ड्यात माणूस असताना सोडला तर गुदमरण्याचा धोका खरा आहे. मग रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं दाट पाणी ब्रशने लावा. तासभर काटा हलला नाही तर उत्तम. गॅस वेल्डिंगचा ऑक्सिजन हाताशी आहे म्हणून तो कधीही वापरू नका: दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. टायरच्या हवेचा कंप्रेसरही नको, ती हवा दमट असते.

सगळीकडे कोरडं आणि तरी काटा उतरतोय, तर डॅशबोर्डच्या आतली, हवा गार करणारी कूलिंग कॉइल. तपासायला ब्लोअर बंद ठेवून कॉइलचं पाणी जिथून ठिबकतं त्या नळीच्या तोंडाशी लीक डिटेक्टर धरा. ही चाचणी अर्थातच गॅस असतानाच होते. कॉइल गळत असेल तर बाजारात मिळणारी लीक बंद करणारी औषधं टाकू नका. ती ड्रायरमध्ये आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये गोठतात आणि गॅस काढायच्या मशिनचंही वाटोळं करतात.

ओ-रिंग घेताना आर-१३४ए साठीच्या हिरव्या घ्या, हार्डवेअरच्या दुकानातली पाण्याची काळी रिंग महिनाभरही टिकत नाही. बसवताना त्याच कंप्रेसर तेलाचं बोट फिरवा. होजच्या बाबतीतही एक मोह होतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक होज हवं तेवढ्या लांबीचं क्रिंप करून मिळतं, दाबही ते सहज सोसतं. पण एसीच्या होजला आतून गॅस न झिरपू देणारा थर असतो, हायड्रॉलिक होजला नसतो. होज फुटणार नाही, गॅस मात्र रबरातून निघून जाईल. क्रिंप तिथून करून घ्या, होज एसीचंच न्या.

गळती बंद झाल्यावर व्हॅक्यूम. इथे आपल्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. इंटरनेटवर सगळे २९ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम मागतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाबच सव्वासत्तावीस-साडेसत्तावीस इंचांचा, त्यामुळे काटा त्याच्यापुढे जाऊच शकत नाही. कारवारला २९ दाखवणारा पंप इथे साडेसव्वीसच्या आसपास दाखवेल आणि तो ठणठणीत असेल. इथे २९ दिसलं तर मीटरचा शून्यच हललेला आहे.

म्हणून आकड्याच्या मागे न लागता वेळ द्या. व्हॅक्यूमचं खरं काम हवा काढण्याइतकंच आतलं पाणी उकळून वाफ करून बाहेर काढणं हे आहे. पावसाळी दिवशी गाडी २० अंशांवर असेल तर तिथलं पाणी उकळायला आतला दाब पाऱ्याच्या १७-१८ मिलिमीटरच्या खाली न्यावा लागतो. बऱ्याच ठिकाणी जुन्या फ्रिजचा कंप्रेसर पंप म्हणून वापरतात. तो झिजलेला असेल तर तिथपर्यंत पोचत नाही. खरा व्हॅक्यूम पंप किमान पाऊण तास चालवा, इंजिन थोडं गरम असेल तर अधिक चांगलं. मग कॉक बंद करून वीस मिनिटं काटा बघा. हळूहळू उठून एका जागी थांबला तर ओलावा शिल्लक आहे, पुन्हा पंप लावा. उठतच राहिला तर गळती.

सिस्टिम उघडली की ड्रायर नवा, याला अपवाद नाही. आतले दाणे ओलावा शोषून भरलेले असतात. नवा ड्रायर टोपण लावलेल्या अवस्थेत ठेवा आणि सगळ्यात शेवटी, पंप लावायच्या आधी जोडा.

तेल कंप्रेसरच्या लेबलवर लिहिलेलंच: पॅग ४६ की पॅग १०० (एसीच्या तेलाचे दोन प्रकार), ते मिसळू नका. नवा कंडेन्सर बसवला तर साधारण ३० ते ४० मिलिलिटर, कूलिंग कॉइल बदलली तर ४० ते ५०, ड्रायरला १० ते २० घालतात. पॅग तेल हवेतला ओलावा पटकन ओढतं; जुलैत उघडा राहिलेला डबा फेकून द्या.

गॅस वजनावर भरा. बॉनेटच्या आत स्टिकर असतो, त्यावर ग्रॅम लिहिलेले असतात. लहान गाड्यांत बहुधा ३५० ते ५५०च्या दरम्यान. इतक्या थोड्या गॅसमध्ये पन्नास ग्रॅम कमी-जास्त झाले तरी जाणवतात, आणि जास्त भरलेल्या गॅसचं पहिलं लक्षण नेमकं तुमचंच: थांबलं की गरम. मागच्या एप्रिलला काट्यावर बघून अंदाजाने भरला असेल तर सुरुवातीचे दिवस हेच चाललं असण्याची शक्यता आहे. "बुडबुडे जाईपर्यंत भरा" (म्हणजे नळीवरच्या काचेत दिसणारे बुडबुडे) ही जुन्या आर-१२ गॅसच्या काळातली पद्धत आहे, आर-१३४ए ला ती लावली की गॅस जास्तच पडतो. टिन उभा धरून, इंजिन चालू ठेवून, निळ्या बाजूने वाफेच्या रूपात भरायचा. टिन उलटा केला तर द्रव थेट कंप्रेसरमध्ये जातो आणि व्हॉल्व्ह मोडतात. टिन गार पडून गॅस यायचा थांबला तर कोमट पाण्यात धरा, ज्योत दाखवू नका. आणि एसी चालू असताना लाल कॉक उघडू नका, तीनशे पीएसआय उलटे टिनमध्ये शिरतात.

कधी कधी मीटर दोन्ही बाजूंनी उत्तम, कूलिंग कॉइलकडून कंप्रेसरकडे येणारी जाड नळी घामेजलेली आणि बर्फासारखी, तरी जाळीतून हवा कोमट. तेव्हा हीटरकडे बघा. जुन्या गाड्यांत हीटरचं पाणी केबलने बंद होणाऱ्या व्हॉल्व्हवर असतं. केबल सैल झाली किंवा व्हॉल्व्ह झिजला की उकळतं पाणी हीटरमध्ये फिरत राहतं आणि कॉइलने गार केलेली हवा ते पुन्हा तापवतं. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) आत जाणाऱ्या हीटरच्या दोन होजपैकी एक पक्कडीला कापड गुंडाळून दाबून धरा. पाच मिनिटांत हवा गार झाली तर व्हॉल्व्ह बदला.

आणि हवा गरम होत नाही, पण अर्ध्या तासाने तिचा जोरच कमी होत जातो, हा वेगळा रोग आहे. तिथे कॉइलवर बर्फ धरतो. तापमान ओळखणारा थर्मिस्टर कॉइलच्या पात्यांत खोचलेला असतो; तीन-चार अंशांवर त्याने कंप्रेसर तोडायला हवा. कॉइल धुताना तो काढून नंतर भलतीकडे लटकत सोडलेला असतो, बहुतेक वेळा कारण एवढंच.

एवढ्या सगळ्यानंतरही निळा-लाल ६०-१३०ला अडकला असेल, तर मात्र कंप्रेसर. आवाजावरून ठरवताना सांभाळा. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर ते पुलीचं बेअरिंग, ते एकटं बदलता येतं. एसी लावल्यावरच खडखड येत असेल तर आतला बिघाड. जुना कंप्रेसर उतरवल्यावर तेल पांढऱ्या कापडावर ओता. तेल काळं आणि त्यात चांदीसारखी भुकटी दिसली, तर ती भुकटी कंडेन्सरच्या बारीक वाटांतही गेली आहे आणि तिथून धुऊन निघत नाही. अशा वेळी कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तिन्ही बदलले नाहीत, तर नवा कंप्रेसर पहिल्या उन्हाळ्यातच त्याच वाटेने जातो. तेल स्वच्छ असेल तर कंप्रेसर आणि ड्रायर एवढंच पुरे. दुरुस्त करून विकलेला कंप्रेसर घेणार असाल तर त्यात तेल किती आहे ते ओतून मोजा, दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नका. बसवल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, क्लचची पुढची प्लेट हाताने दहा-बारा वेळा फिरवा. आत साचलेलं तेल सिलिंडरमधून पुढे सरकतं, आणि पहिल्याच फेरीत व्हॉल्व्ह तुटायचे वाचतात.